सहा-चाळीसची नोंद

९ सप्टेंबर, सोमवार

ही वही मला कॅप्टनने दिली. निळ्या कापडाची बांधणी, जाड पानं, आणि पहिल्याच पानावर तिच्या झोकदार अक्षरात लिहिलंय : 'बोलू नकोस, लिहून टाक. मन हलकं होतं.' इतकं सुंदर काही मला कुणी वाढदिवसालासुद्धा दिलेलं नाही. मामा देतो, पण मामाची भेट म्हणजे त्याच्या मालगाडीतून खाली पडलेलं काहीतरी. मागच्या वर्षी भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं, ते दिवसाला वीस मिनिटं मागे पडायचं.

तर लिहून टाकते. मी अकरावीत आहे. डाव्या कानाच्या पडद्याला भोक आहे, त्यामुळे मला पाण्यात उतरायची बंदी. म्हणून शाळेच्या तरणतलावावर सकाळी सहा ते सात मी बिल्ल्यांच्या टेबलाशी बसते. भिंतीवर फळा आहे, त्याचे दोन भाग : 'पाण्यात' आणि 'बाहेर'. प्रत्येक मुलीला नंबराचा बिल्ला. उतरताना तो स्वतःच्या हाताने 'पाण्यात'च्या खिळ्याला लावायचा, वर आल्यावर स्वतःच्या हाताने 'बाहेर'च्या खिळ्याला, आणि मग माझ्यापुढे येऊन उभं राहायचं. मी तोंड पाहायचं आणि रजिस्टरमध्ये वेळ लिहायची. तोंड पाहिल्याशिवाय लिहायचं नाही. सगळे बिल्ले बाहेर आले की सर दिवे घालवतात आणि कुलूप लावतात. एवढंच काम, पण दोन वर्षांत माझी एक नोंद चुकली नव्हती.

शाळेत रिलेच्या चौघींना 'चौकडी' म्हणतात. त्या मधल्या सुट्टीत जिन्यावरून उतरायला लागल्या की बाकीचे आपोआप भिंतीला लागतात. कॅप्टन म्हणजे कॅप्टनच. वकील, जिला वादात अजून कुणी हरवलेलं नाही. चिमणी, जिला हसायलाही कॅप्टनची परवानगी लागते असं मुलं म्हणतात. आणि शेंग. उंच, हडकुळी, सगळ्यात वेगवान.

शेंग मागच्या मंगळवारी गेली.

त्या दिवशी सराव संपला होता. मोठ्या तलावाच्या बाजूला उड्यांची खोल टाकी आहे. तिच्या तळाशी रबराची वजनं टाकून ती वर आणायचा सराव असतो, आणि शेवटी एकीने खाली जाऊन सगळी वजनं गोळा करायची असतात. त्या आठवड्यात ती पाळी शेंगची होती. ती टाकीत उतरली. इतर मुली निघून गेल्या होत्या, सर पलीकडे आपल्या खोलीत फोनवर होते. कॅप्टन म्हणाली, "अगं, माझं घड्याळ कपड्यांच्या खोलीत राहिलंय. आणतेस?" मी धावत गेले. माझं नाव तिला माहीत आहे की नाही याचीही मला तोवर खात्री नव्हती.

घड्याळ काही सापडेना. सगळे कप्पे पाहिले, बाकांखाली वाकून पाहिलं. सात-आठ मिनिटं गेली. परत आले तर टाकीवर कव्हर ओढलेलं, तिघी बाकावर केस पुसत बसलेल्या, आणि शेंगचा चार नंबरचा बिल्ला 'बाहेर'. कॅप्टन म्हणाली, "शेंग मागच्या दाराने गेली, घाईत होती. सहा-चाळीस लिही." मी लिहिलं. तोंड न पाहता. (घड्याळ नंतर कॅप्टनच्याच पिशवीत निघालं. इतकी हुशार मुलगी, पण वेंधळी आहे बिचारी.)

आठ वाजता सफाईवाल्या काकांनी टाकीचं कव्हर गुंडाळलं तेव्हा शेंग पाण्यात होती.

हात थांबत नाहीये, म्हणून पुढचंही लिहिते. त्याच दिवशी वकील मला जिन्याखाली घेऊन गेली. म्हणाली, "तू टेबलाशी नव्हतीस असं सांगितलंस तर सगळं तुझ्यावर शेकेल. आम्ही सांगू की तू जागेवर होतीस आणि तू तिला बाहेर आलेलं पाहिलंस. तूही तेच सांग. आम्ही तिघी तुझ्या पाठीशी आहोत." मी हुंदके देऊन रडले. तिघींची जिवाभावाची मैत्रीण गेली होती, आणि त्या दुःखातही त्यांना माझी काळजी होती. माझ्यासारखीसाठी त्या पोलिसांशी खोटं बोलल्या. हे उपकार मी कसे फेडणार ते मला कळत नाही.

१० सप्टेंबर, मंगळवार

आज मधल्या सुट्टीत चौकडीच्या टेबलावर बसले. शेंगच्याच खुर्चीवर. मी आधी उभीच राहिले होते, पण कॅप्टनने खुर्ची ओढून दिली. "बस गं. रिकामी बघवत नाही." दोन वर्षं ज्या मुलींनी मला पायपुसण्याइतकीही किंमत दिली नव्हती त्या आज वळून वळून बघत होत्या. आकाश ठेंगणं होणं म्हणजे काय ते आज कळलं, आणि लगेच लाजही वाटली, कारण ज्या खुर्चीवरून ते ठेंगणं दिसत होतं ती कुणाची होती हे मला माहीत आहे.

घरी मामाला सांगितलं तर म्हणाला, "चौकडी? आमच्या वेळी या शब्दाच्या आधी चांडाळ लावायचे." मी दोन तास त्याच्याशी बोलले नाही.

१२ सप्टेंबर, गुरुवार

तपासाच्या मॅडम आल्या होत्या. मला वाटलं होतं दरडावतील, पण फारच साध्या निघाल्या. पायातले बूट चावत होते म्हणून त्या टेबलाखाली काढून बसल्या. मी ठरल्याप्रमाणे सांगितलं : मी जागेवर होते, शेंग सहा-चाळीसला बाहेर आली, मी पाहिलं.

मग त्यांनी रजिस्टर मागितलं आणि सावकाश एकेक पान उलटत गेल्या. मधेच म्हणाल्या, "या चार नंबरची शाई सगळीकडे फुटलेली दिसते."

मला हसू आलं. मी सांगितलं, "शेंगच ती. बाकीच्या मुली लांबूनच हात हलवतात, मी मान वर करून तोंड बघून घेते. ही मात्र टेबलाला पोट टेकून उभी राहायची. केसांतून पाणी गळायचं ते थेट रजिस्टरवर. म्हणायची, 'नीट बघ, मीच आहे ना? मग लिही.' मी रोज ओरडायचे, अक्षर खराब होतं म्हणून."

"रोज?"

"रोज. एक दिवस चुकली नाही."

मॅडम पुढची पानं उलटत शेवटच्या पानावर आल्या. ते पान बराच वेळ बघत बसल्या. मग रजिस्टर मिटून माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाल्या, "अक्षर छान आहे तुझं. सांभाळून ठेव हे." जाताना एक कागद दिला, त्यावर त्यांचा नंबर. "काही आठवलं तर केव्हाही फोन कर."

पोलीस असूनही माझ्या अक्षराचं कौतुक केलं. माणसं उगाच पोलिसांना नावं ठेवतात.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

चिमणीला बाथरूममध्ये उलटी झाली. मी तिचे केस धरले, पाठीवरून हात फिरवला. ती नळाला डोकं टेकून पुटपुटत होती, "दहापर्यंतच मोजायचं ठरलं होतं. दहापर्यंतच." मी विचारलं, "कसलं मोजायचं?" तेवढ्यात वकील आत आली आणि म्हणाली, "हिला पित्ताचा त्रास आहे. व्यायामाचे आकडे मोजतेय." आणि तिला घेऊन गेली.

केवढी जपतात एकमेकींना.

१५ सप्टेंबर, रविवार

कॅप्टनच्या घरी गेले होते. तिच्या खोलीत एक अख्खी भिंत आरशाची आहे. तिने स्वतःच्या हाताने माझे केस कापले, कानाच्या खाली दोन बोटं. कापताना म्हणाली, "तुझा चेहरा चांगला आहे, तू उगाच झाकून ठेवतेस." तिच्या कात्रीचा आवाज अगदी कानाशी येत होता आणि मी डोळे मिटून बसले होते. मला बहीण नाही. असती तर रविवार असेच गेले असते, असं वाटलं.

तिच्या टेबलावर रिलेच्या क्रमाचा कागद होता. सरांनी शर्यतीचा शेवटचा टप्पा शेंगला दिला होता, दोन तारखेची सही होती. म्हणजे शेंग गेली त्याच्या आदल्याच दिवशीची. दोन वर्षं शेवटचा टप्पा कॅप्टनचा असतो, सगळ्या शाळेला माहीत आहे. मी विचारलं तर म्हणाली, "सरांची चूक झाली होती. आता मीच पोहणार. शेंगसाठी." तिचा आवाज जराही कापला नाही. एवढं धैर्य माझ्यात कधी येणार?

निघताना तिने विचारलं, "वही लिहितेस ना? आम्ही कधी वाचणार नाही हं. पण त्या सकाळचं काही लिहिलं असशील तर ते पान फाडून टाक. तुझ्याच भल्यासाठी सांगते." घरी येऊन फाडायला बसले होते. पण शिवण अशी आहे की एक पान ओढलं तर जोडीचंही निघून येतं, आणि त्यावर तिने लिहिलेल्या ओळी आहेत. फाडवलं नाही.

१७ सप्टेंबर, मंगळवार

आजचं कसं लिहू?

शाळा सुटल्यावर शेंगची आई फाटकाशी उभी होती. मी त्यांना आधी एकदाच लांबून पाहिलं होतं. चष्म्याच्या कारखान्यात काचा घासायचं काम करतात. बोटांच्या टोकांना बारीक चिरा, आणि शेंगचीच उंची. कुणीतरी माझ्याकडे बोट दाखवलं असावं. सरळ माझ्यापाशी आल्या.

"तूच ना बिल्ल्यांच्या टेबलावर बसतेस? तिला शेवटचं तू पाहिलंस?"

मी मान हलवली.

"मला फक्त एक सांग. कशी होती ती? म्हणजे... चेहरा कसा होता?"

मागे दहा पावलांवर वकील उभी होती. मी म्हणाले, "हसत होती."

त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "मोठे उपकार केलेस बाई. रात्रंदिवस तेच मनात येतं, शेवटी कशी असेल, कशी असेल. हसत होती ना? बरं झालं. बरं झालं." मग म्हणाल्या, "पण एक समजत नाही गं. शाळा म्हणते, वजनं तळाशी राहिली म्हणून बिल्ला बाहेर लावून झाल्यावर ती कुणाला न सांगता परत उतरली. कव्हरखालून. माझी मुलगी रस्ता ओलांडताना रिकाम्या रस्त्यावरसुद्धा दिव्याची वाट बघायची. मी चिडायचे तिच्यावर. ती असं का करेल?"

त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला, नव्या कापलेल्या केसांवरून, आणि गेल्या.

माझे आभार मानले त्यांनी. माझे.

१८ सप्टेंबर, बुधवार

ताप नाही, पण शाळेत गेले नाही. आई दवाखान्यातून दुपारी आली. ती एक्स-रे काढते. तिच्या बोलण्यात फार शब्द नसतात, कारण दिवसभर ती लोकांना 'श्वास घ्या, धरा, सोडा' एवढंच सांगते असं मामा म्हणतो.

पलंगाच्या कडेला बसून तिने विचारलं, "तू त्या मुलीला बाहेर आलेलं पाहिलंस का?"

"हो."

"बरं."

मग उठली, खिडकी उघडली, माझा ताटात तसाच राहिलेला टोस्ट उचलला. दारातून म्हणाली, "आमच्याकडे फोटो हलला तर परत काढतात. माणसाला पुन्हा झोपवावं लागतं, ते कण्हतं, आपल्याला वाईट वाटतं. तरी काढतात. हललेल्या फोटोवर कुणी औषध देत नाही." आणि भांडी घासायला गेली.

मला तिचा राग आला. सरळ ओरडली असती तर मी सरळ उलटून बोलले असते.

१९ सप्टेंबर, गुरुवार

आज सगळं लिहायलाच हवं.

सकाळी मुख्याध्यापकांनी बोलावलं. उद्या दुपारी चौकशी समितीची शेवटची बैठक आहे. निष्कर्ष जवळपास ठरला आहे : विद्यार्थिनीने स्वतः नियम मोडला, अपघात. समितीला रजिस्टरच्या गेल्या महिन्याची स्वच्छ नक्कल हवी होती. "मूळ प्रतीत पाण्याचे डाग फार आहेत, तुझ्या सुंदर अक्षरात उतरवून दे," असं ते म्हणाले. मला वाचनालयात बसवलं.

मी उतरवायला लागले. एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर सरसर. चार नंबर आला की थांबावं लागे. शाई फुटलेली, सहाचा आठ झालेला, चाळीस आहे की एकेचाळीस ते कागद उजेडात धरून बघायचं. दर दिवशी तेच. मनातल्या मनात शेंगवर चिडत होते, जशी रोज चिडायचे. अगं जरा लांब उभी राहा ना.

मग तीन सप्टेंबर आला. एक, दोन, तीन, चार, पाच. पाचवर गेल्यावर माझ्या लक्षात आलं की चारला मी थांबलेच नव्हते.

मागे वळून पाहिलं. सहा-चाळीस. स्वच्छ, कोरडं, टपोरं. माझं सुंदर अक्षर.

मी काही मोठी हुशार नाही. मॅडमना जे दोन मिनिटांत दिसलं ते मला दिसायला सात दिवस आणि महिनाभराची नक्कल लागली. शेंग माझ्यापुढे उभी राहिल्याशिवाय कधी गेली नाही. मागच्या दाराने नाही, घाईत नाही, आजारी असतानासुद्धा नाही. ती बाहेर आली असती तर माझी वाट बघत टेबलाशी थांबली असती आणि रजिस्टरचं पान भिजवून मग गेली असती. ती बाहेर आलीच नव्हती. पण तिचा बिल्ला बाहेर आला होता. बिल्ल्याला पाय नसतात.

नक्कल तशीच टाकून मी चिमणीच्या घरी गेले. ती चार दिवस शाळेत आली नव्हती. तिने दार उघडलं, माझ्या हातातलं रजिस्टर पाहिलं आणि उंबऱ्यातच खाली बसली.

"सांग," मी म्हणाले.

"गंमत करायची होती," ती म्हणाली. "शेंग वजनं आणायला खाली गेली की कव्हर ओढायचं. दहा आकडे मोजायचे आणि उघडायचं. जरा घाबरू दे तिला, शेवटचा टप्पा मिळाला म्हणून फार चढलीय, असं कॅप्टन म्हणाली. शेंग चढलीबिढली काही नव्हती गं. तिने तर कॅप्टनला विचारलं होतं, तुला चालेल ना म्हणून."

"मग?"

"कव्हर गुंडाळायचा रहाट एका बाजूने मी फिरवला, एका बाजूने वकीलने. दहा झाले. मी उघडायला गेले तर कॅप्टनने रहाटाची खुंटी अडकवली आणि तिच्यावर पाय ठेवला. म्हणाली, अजून नाही. कव्हर खालून हलत होतं. हाताची जागा दिसत होती. मी रडायला लागले. वकील म्हणाली, गप्प बस. मग कव्हर हलायचं थांबलं, आणि कॅप्टन फळ्यापाशी गेली."

"मला घड्याळ आणायला..."

"तुला आधीच पाठवलं होतं. आदल्या दिवशीच ठरवलं होतं तिने, तुला कसं पाठवायचं ते. म्हणाली, ती रजिस्टरवाली आहे ना, ती कशालाही हो म्हणेल."

मला वाटलं होतं मी किंचाळेन. मी तिच्या शेजारी बसले आणि पुन्हा तिचे केस मागे धरले, कारण तिला पुन्हा उलटी होत होती.

त्या मला वाचवत नव्हत्या. मी त्यांना वाचवत होते. सोळा दिवस, कृतज्ञतेने, डोळ्यांत पाणी आणून.

२० सप्टेंबर, शुक्रवार

आईला सकाळी सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि दवाखान्यात रजा कळवली. सहा वर्षांत तिने घेतलेली ही दुसरी रजा. "चल, फोन लाव त्या मॅडमना," एवढंच म्हणाली. आम्ही वाटेत चिमणीला आणि तिच्या वडिलांना घेतलं. मामाने गाडी काढली, आणि पहिल्यांदाच पूर्ण रस्ताभर एकही विनोद केला नाही.

बाकीचं उद्या.

२१ सप्टेंबर, शनिवार

काल मॅडमनी माझं सगळं ऐकलं. मी विचारलं, "तुम्हाला त्या दिवशीच कळलं होतं?"

"शंका आली होती," त्या म्हणाल्या. "पण न पडलेले थेंब कोर्टात साक्ष देत नाहीत. कुणीतरी माणसाने यायला हवं होतं. मी आठ दिवस तुझी वाट बघत होते. आज आली नसतीस तर संध्याकाळी तुझ्या दारात उभी राहणार होते, पण स्वतःहून आलीस ते फार वेगळं." चिमणीने वेगळ्या खोलीत दोन तास जबाब दिला. तिचे वडील बाहेर भिंतीकडे तोंड करून उभे होते.

समितीची बैठक झालीच नाही. दुपारी मी शाळेत परतले होते, तेव्हा कॅप्टन आणि वकीलला वर्गातून नेलं. कॅप्टन जाताना माझ्या बाकापाशी एक क्षण थांबली आणि म्हणाली, "केस छान दिसतायत." मला वाटतं ती चिडली नव्हती. तेच मला जास्त भयंकर वाटतं.

खोटा जबाब दिला म्हणून माझ्यावर काय कारवाई होईल ते अजून ठरायचंय. बिल्ल्यांचं टेबल गेलं. आज मधल्या सुट्टीत मी जिन्यावरून उतरले तर मुली आताही बाजूला सरकल्या, पण कारण वेगळं होतं. माझं काही म्हणणं नाही. जे आहे ते माझं स्वतःचं आहे.

आभार मात्र मानायचे आहेत, आणि या खेपेला योग्य माणसांचे. आईचे, जिने एकच प्रश्न विचारला आणि उत्तर खोटं आहे हे कळूनही मला वेळ दिला. मॅडमचे. चिमणीचेसुद्धा, कारण दार तिने उघडलं. आणि शेंगचे. दोन वर्षं मला शाळेत कुणी काम करणारं माणूस म्हणून वागवलं असेल तर तिने. माझा नियम ती एकटी पाळायची. मला ते ओझं वाटायचं.

शेंगच्या आईला सांगायचं काम मॅडमचं होतं. मी म्हणाले, "हसण्याचं मी सांगितलं होतं. ते मीच परत घ्यायला हवं." त्यांनी आईकडे पाहिलं. आईने मान हलवली.

काल संध्याकाळीच आम्ही त्यांच्या कारखान्यात गेलो. आत शिरलं की आधी पाण्याचा आवाज येतो. फिरत्या दगडावर सतत बारीक धार पडत असते, तिच्याखाली काच धरून कडा घासतात. काकू खिडकीजवळच्या दगडाशी होत्या. शेजारच्या ट्रेमध्ये जोडी-जोडीने काचा, प्रत्येकीवर पेनाने आकडा. मॅडम आणि आई दाराशी थांबल्या. मी एकटी आत गेले.

"काकू, मी तिला पाहिलं नव्हतं."

त्यांनी ऐकू आलं नाही अशी खूण केली आणि दगड बंद केला. सगळीकडे एकदम शांत झालं. मी पुन्हा म्हणाले, "मी तिला पाहिलंच नव्हतं. मी जागेवर नव्हते. ती हसत होती हे मी खोटं सांगितलं. मला माफ करा."

"हसत नव्हती?"

"मला माहीत नाही. ती बाहेर आलीच नव्हती. दुसऱ्याच कुणीतरी तिचा बिल्ला हलवला. तिने तो 'पाण्यात' लावला होता, आणि ती वजनं आणायला खाली गेली होती. त्या आठवड्यात ते तिचंच काम होतं. तिला वर येऊ दिलं नाही."

हातातली काच त्यांनी फडक्यावर ठेवली. मला वाटलं त्या मला मारतील, आणि त्यांनी मारावं असंच वाटत होतं.

"म्हणजे परत उतरली नाही? चोरून?"

"नाही काकू. तिने काहीच मोडलं नाही."

त्या स्टुलावर बसल्या. दोन्ही हातांनी तोंड झाकलं, आणि त्या बोटांच्या आडून जो आवाज आला तो मी आयुष्यात विसरणार नाही. माझी आई दारातून दोन पावलं पुढे आली. काकूंनी हात खाली घेतले.

"सतरा दिवस झाले," त्या म्हणाल्या. "लोक म्हणतात पोर गेली, पोर गेली. ते तर आहेच. पण मला रात्री वेगळंच खात होतं. घरात एक आणि बाहेर एक अशी होती का ती? मला वाटायला लागलं होतं, सोळा वर्षं जिला वाढवलं ती मला कळलीच नव्हती."

मी पुन्हा माफी मागितली. त्यांनी मान हलवली.

"माफीचं आज विचारू नकोस. आज नाही जमणार मला. किती दिवस नाही जमणार तेही सांगता येत नाही." मग त्यांनी पायाने शेजारचं स्टूल माझ्याकडे सरकवलं. "पण बस. माझी मुलगी परत आणलीस तू. बस जरा."

मी बसले.